शरदातले चालणे : विदर्भातील खेड्यांत वेळ कशी साधावी, वाट कशी निवडावी

पावसाळ्यात विदर्भातील खेड्यात पायी फिरणे ही हौसेची गोष्ट राहत नाही. भारी काळ्या जमिनीचा चिखल जोड्यांना पायलीभर चिकटतो, पांदण रस्ते बैलगाडीलाही अवघड होतात आणि माणूस गरजेपुरताच घराबाहेर पडतो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास फिरू लागला की सकाळी आठनंतरच बाहेर नकोसे होते. मोकळ्या हवेत निवांत चालावे असा काळ आपल्याकडे साधारण घटस्थापनेपासून होळीपर्यंतचाच असतो. त्यातील पहिला दीड महिना, म्हणजे घटस्थापना ते त्रिपुरी पौर्णिमा, हा चालण्याची सवय लावून घेण्यास सर्वांत सोयीचा आहे. वाटा वाळलेल्या असतात, पहाट गार असते पण बोचत नाही, आणि आकाश धुतल्यासारखे स्वच्छ असते. मात्र याच दीड महिन्यात फवारणीचे औषध, गवतातील साप, दुपारचे कडक ऊन आणि तापाच्या साथीही असतात. त्यामुळे येथे चालण्याचा लाभ पायांइतकाच घड्याळावर आणि वाटेवर अवलंबून राहतो. वेळ व वाट नीट निवडली तर बाकीचे सोपे आहे.

चालण्याने शरीरात काय घडते

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस भरभर चालले की यातील किमान भाग पुरा होतो. चालण्यासारख्या साध्या हालचालीचा हृदयाशी संबंध आहे हे दाखवणारे एक गाजलेले संशोधन १९५३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. तेथील दुमजली बसगाड्यांच्या चालकांची आणि वाहकांची जेरी मॉरिस यांनी तुलना केली, तेव्हा दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत असल्याचे आढळले. नोकरी एकाच गाडीवरची, पगारातही फार अंतर नाही, पण एकाचे पाय हालत होते आणि दुसऱ्याचे नव्हते.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा लाभ रक्तातील साखरेचा आहे. मधुमेह हा शहरी, खात्यापित्या माणसांचा आजार आहे ही समजूत आता टिकणारी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी रुग्ण असल्याचा अंदाज मांडला गेला, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या त्याहूनही मोठी, सुमारे १३.६ कोटी निघाली. मांडीचे आणि पोटरीचे स्नायू चालताना रक्तातील साखर इन्सुलिनच्या मदतीवाचूनही ओढून घेतात. शिवाय नेटाने चालल्यानंतर निदान पुढचा एक दिवस शरीर इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देते. म्हणूनच आठवड्याचे सगळे चालणे रविवारी एकदम उरकण्यापेक्षा रोज किंवा एक दिवसाआड चालणे अधिक उपयोगी ठरते. जेवणानंतरच्या शतपावलीलाही याच कारणाने अर्थ आहे. रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालले तरी जेवणानंतर वाढणारी साखर आटोक्यात राहते. दिवाळीच्या दिवसांत अनारसे, करंज्या आणि चिवडा यांची ताटे घरोघरी फिरत असताना ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे.

नियमित चालण्याने रक्तदाब काही अंकांनी खाली येतो, पोट साफ राहते आणि हाडांची झीज मंदावते. गुडघ्यांच्या बाबतीत मात्र आपल्याकडे उलटी समजूत आहे. गुडघे दुखतात म्हणून बसून राहणारी माणसे प्रत्येक गावात आहेत. सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा दाबला जातो आणि सैल होतो त्या हालचालीतूनच तिला सांध्यातील द्रवामार्फत पोषण मिळते. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भारही हलका होतो. त्यामुळे साध्या झिजेच्या दुखण्यात सपाट वाटेवर थोडे थोडे चालणे हितकारक असते. सांधा सुजलेला, गरम किंवा लाल असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे.

झोपेचाही येथे विचार करावा लागतो. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की मेंदूतील दिवस-रात्रीचे चक्र जागेवर येते आणि रात्री वेळेवर झोप लागते. पावसाळ्यातील ढगाळ, अंधाऱ्या सकाळी हे चक्र ढिले पडते, आणि शरदातील लख्ख सकाळ ते पुन्हा बसवते. मनावरचा परिणामही याच्याशी जोडलेला आहे. सोयाबीनला भाव काय मिळेल, कापसावर बोंडअळी किती पडली, उसनवारी कशी फिटेल, हे सारे प्रश्न नेमके याच दिवसांत डोक्यात असतात. चालण्याने भाव वाढत नाही हे उघड आहे, परंतु नियमित चालण्याने उदासी आणि बेचैनी कमी होते हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. तरीही ज्या माणसाला आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगणे नकोसे वाटते, त्याला केवळ ‘फिरायला जा’ असे सांगणे हा अन्याय आहे. त्याला उपचारांची गरज असते. ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे आणि ती मराठीतही मिळते.

दिवसभर राबणाऱ्याने पुन्हा का चालावे

खेड्यात हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि तो रास्त आहे. दिवसभर सोयाबीन सोंगणाऱ्या किंवा कापूस वेचणाऱ्या बाईला संध्याकाळी भरभर चालण्याचा सल्ला देणे हास्यास्पद आहे. तिला हालचालीची कमतरता नसते. तिला विश्रांती, पाणी आणि पोटभर जेवण हवे असते. मात्र सोंगणी आणि वेचणी ही दोन्ही कामे कमरेत वाकून होतात. अशा दिवसानंतर दहा-पंधरा मिनिटे ताठ मानेने, हात सैल सोडून सावकाश चालले तर आखडलेली पाठ मोकळी होते. वावरातून घरी येताना ऑटोत दाटीवाटीने बसण्याऐवजी, अंतर थोडे असेल आणि उजेड असेल तर, पायी येणे यासाठी पुरेसे आहे.

चालण्याची खरी गरज आज गावातील वेगळ्याच लोकांना आहे. दुकानात बसणारे, शाळेत आणि ग्रामपंचायतीत काम करणारे, ट्रॅक्टर व मोटारसायकल आल्यापासून वावरापर्यंतही पायी न जाणारे शेतकरी, मुलांच्या हाती कारभार सोपवून ओट्यावर बसलेले म्हातारे, आणि पाणी नळाला व गॅस घरात आल्यामुळे ज्यांची पायपीट संपली पण घराबाहेर पडणेही कमी झाले अशा गृहिणी, हे सारे त्यात येतात. त्यांची पायपीट संपली ही चांगलीच गोष्ट आहे. तिची जागा चालण्याने भरून काढावी एवढेच म्हणणे आहे.

पहाट, आणि ती नेमकी किती वाजता

मोसमी पाऊस विदर्भातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघार घेतो. त्यानंतर आकाश निरभ्र होते, पण जमिनीत ओल असते, आणि वरून ऊन व खालून वाफ अशा अवस्थेत दुपार तापते. लोक यालाच ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतात. पारा ३३-३४ अंशांवरच असला तरी दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि थकवा लवकर येतो. पावसाळ्यात साठलेले पित्त शरदात उसळते असे आयुर्वेद सांगतो, आणि या ऋतूच्या चर्येत उन्हात फिरणे वर्ज्य मानले आहे. घाम वाळत नाही असे म्हणा किंवा पित्त उसळते असे म्हणा, सल्ला एकच निघतो : सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात व्यायाम म्हणून चालू नये.

नागपूर परिसरात ऑक्टोबरच्या मध्यास सूर्य सहा-सव्वासहाच्या दरम्यान उगवतो आणि नोव्हेंबरच्या मध्यास साडेसहाच्या थोडा आधी. विदर्भ पूर्व-पश्चिम इतका लांब आहे की गोंदियात सूर्योदय बुलढाण्यापेक्षा सुमारे पाव तास आधी होतो. म्हणून घड्याळातील ठरावीक आकडा सर्वांना लागू पडणार नाही. पायाखालची वाट स्पष्ट दिसू लागली की निघावे, ही खूण दोन्हीकडे चालते. सूर्योदयाच्या थोडे आधी किंवा त्याबरोबर निघून तासाभरात परतावे. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत अनेक गावांत पहाटे काकडा असतो. ज्यांना काकड्यासाठी उठण्याची सवय आहे त्यांना वेगळे लवकर उठण्याचे कष्ट नाहीत. आरती झाल्यावर, उजाडता-उजाडता, देवळातून थेट चालायला निघावे. ज्या गावांत सकाळच्या सामुदायिक ध्यानाचा किंवा रामधूनचा परिपाठ टिकून आहे, तेथेही हेच करता येते.

संध्याकाळी चालायचे असेल तर मात्र हिशेब वेगळा होतो. ऑक्टोबरच्या मध्यास सूर्य सहाच्या आधीच मावळतो आणि नोव्हेंबरच्या मध्यास साडेपाचच्या सुमारास. त्यामुळे पाचला निघून दिवेलागणीपूर्वी गावात परत येणे आवश्यक आहे. ‘थोडे पुढे जाऊन येऊ’ हा मोह या दिवसांत टाळावा, कारण संधिप्रकाश फार काळ टिकत नाही.

कोवळ्या उन्हात चालले की ड जीवनसत्त्व मिळते असे सर्रास सांगितले जाते. ते जीवनसत्त्व त्वचेत तयार करणारे किरण सूर्य क्षितिजाजवळ असताना वातावरणातच बहुतांशी शोषले जातात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असते तेव्हा ते पुरेसे मिळतात. ऑक्टोबरात आपल्याकडे ही वेळ साधारण दहा ते दोन अशी येते. म्हणजे पहाटेचे चालणे हृदयासाठी, साखरेसाठी आणि झोपेसाठी. ड जीवनसत्त्वासाठी दहा-साडेदहाच्या सुमारास अंगणात धान्य निवडताना किंवा वाळवण घालताना हात-पाय पंधरा-वीस मिनिटे उन्हात राहतील असे पाहावे. ज्यांचा दिवस वावरातच जातो त्यांना याची वेगळी चिंता करण्याचे कारण नाही.

वाट निवडताना

कपाशीवर आणि तुरीवर फवारणी चालू असते ती याच दिवसांत. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले, ही घटना विदर्भ विसरलेला नाही. ते लोक फवारणी करणारे होते हे खरे, पण फवारलेल्या पिकालगतच्या धुऱ्यावरून खोल श्वास घेत भरभर चालणेही शहाणपणाचे नाही. सकाळी वारा पडलेला असताना शेतकरी फवारणीला लागतात, म्हणजे त्यांची आणि चालणाऱ्याची वेळ एकच येते. म्हणून आदल्या दिवशी विचारून घ्यावे की उद्या कोणाच्या वावरात पंप चालणार आहे, आणि ती बाजू सोडावी. पंपाचा आवाज किंवा औषधाचा वास आला की वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने पुढे जाण्याचा हट्ट न धरता मागे फिरावे. उंच वाढलेल्या पऱ्हाटीच्या मधून चालू नये आणि पिकाची पाने हाताळू नयेत.

दुसरी काळजी गवताची. पावसाळ्यात वाढलेले गवत शरदात गुडघ्याला लागते, पहाटे त्यावर दव असते आणि त्यात काय आहे ते दिसत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप विदर्भात आढळतात. सोंगणीच्या दिवसांत उंदीर धान्यामागे येतात आणि साप उंदरांमागे. त्यामुळे रस्ता उघडा, रुंद आणि माती दिसणारा असावा. धुऱ्यापेक्षा पांदण बरी, आणि गवताळ पांदणीपेक्षा गावाचा डांबरी किंवा सिमेंटचा रस्ता बरा. अंधूक उजेडात टॉर्च हातात असावा, तो खिशात ठेवून उपयोग नाही. साप चावलाच तर दोरीने घट्ट आवळणे, चिरा देणे, रक्त चोखणे आणि मांत्रिकाकडे नेणे या चारही गोष्टी टाळाव्यात. चावलेला अवयव हलू न देता रुग्णाला १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने किंवा मिळेल त्या वाहनाने सर्पविषावरील लस उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. आपल्या भागात ती लस कोणत्या रुग्णालयात असते हे चालायला सुरुवात करण्यापूर्वीच विचारून ठेवलेले बरे.

गवताशी जोडलेला एक आजार अजूनही फारसा परिचित नाही. २०१८ च्या पावसाळ्याअखेरीस नागपूर व आसपासच्या जिल्ह्यांत ‘स्क्रब टायफस’चे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले होते. झुडपांत आणि गवतात राहणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या किड्यांच्या अळ्या चावल्याने तो होतो. ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी ही लक्षणे दिसतात आणि काही रुग्णांच्या अंगावर काखेत, जांघेत किंवा कमरेजवळ काळ्या खपलीची न दुखणारी जखम आढळते. वेळेत ओळखला तर तो साध्या प्रतिजैविकाने बरा होतो, उशीर झाला तर जिवावर बेततो. म्हणून गवतात बसू नये, कपडे झुडपांवर टाकू नयेत, पाय झाकणारी विजार घालावी, आणि घरी आल्यावर कपडे बदलून साबणाने हातपाय धुवावेत. नंतर ताप आला तर आपण गवतातून फिरत असतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

गाजरगवत याच काळात पांढऱ्या फुलांनी भरलेले असते. काहींना त्याने खाज, पुरळ आणि दम्याचा त्रास होतो, त्यांनी त्याची बेटे असलेली बाजू टाळावी. सोयाबीनची मळणी चालू असलेल्या ठिकाणची धूळही दमेकऱ्यांना सोसत नाही. रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारांत वीज सोडण्याचा बेकायदेशीर आणि जीवघेणा प्रकार काही ठिकाणी होतो. तेव्हा दुसऱ्याच्या वावराच्या तारेला, ती साध्या झटका यंत्राची वाटत असली तरी, हात लावू नये.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया आणि नागपूर, वर्धा, यवतमाळ जिल्ह्यांतील जंगलालगतच्या गावांना स्वतंत्र नियम लागू होतो. पहाट आणि संध्याकाळ या वाघ, बिबट, अस्वल आणि रानडुकरांच्याही वावरण्याच्या वेळा आहेत. अशा गावांत चांगले उजाडल्यावर, गावातल्या रस्त्यावर किंवा शाळेच्या मैदानावर फेऱ्या माराव्यात. मैदानावरच्या फेऱ्या कंटाळवाण्या असतात हे मान्य आहे, तरीही जंगलाच्या कडेची वाट त्यासाठी निवडू नये. वनरक्षकाने एखादा रस्ता टाळायला सांगितला असेल तर त्यावर वाद घालण्याची ही जागा नव्हे.

एवढे वगळूनही चांगल्या वाटा उरतात. पूर्व विदर्भात मामा तलावांची (म्हणजे माजी मालगुजारी तलावांची) पाळ, जर ती रुंद आणि गवत कापलेली असेल, तर चालण्यास उत्तम असते. या दिवसांत तलावांवर शिंगाड्यांची तोडणी दिसते आणि उत्तरेकडून येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांची आवक सुरू झालेली असते. वरूड, मोर्शी, काटोलकडे संत्र्यांच्या बागांमधून जाणारे रस्ते आंबिया बहाराच्या फळांनी भरलेले असतात. इतरत्र नदीकाठचा कास फुललेला असतो, विजेच्या तारेवर नीलकंठ बसलेला दिसतो आणि दसऱ्याला तो पाहण्यासाठी मुद्दाम बाहेर पडणारी माणसे अजूनही आहेत. सीमोल्लंघनाच्या निमित्ताने शिवेपर्यंत जाणे हा सुरुवातीचा दिवस म्हणून चांगला मुहूर्त आहे. चालताना असे काही पाहत गेले तर वेळेचे भान राहत नाही, आणि ज्या चालण्यात मन रमते तेच महिन्याभराने टिकून राहते. कानात हेडफोन घालून भजने किंवा बातम्या ऐकत चालणाऱ्यांनी निदान एक कान मोकळा ठेवावा. सोयाबीन आणि कापूस घेऊन जाणारे ट्रॅक्टर या दिवसांत भल्या सकाळपासून रस्त्यावर असतात. त्याच कारणाने, पदपथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे.

चाल कशी असावी

पावसाळाभर बसलेल्या माणसाने पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटांवर थांबावे. पुढे दर आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवली की दिवाळीच्या सुमारास अर्धा तास सहज होतो. पहिली पाच मिनिटे सावकाश, मधला भाग भरभर आणि शेवटची पाच मिनिटे पुन्हा सावकाश असा क्रम ठेवावा. ‘भरभर’ म्हणजे किती, याची खूण सोपी आहे : सोबत्याशी बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका श्वास लागला पाहिजे. मिनिटाला साधारण शंभर पावले पडली की हा वेग येतो. वेगाच्या नादात पुढे झुकून चालू नये. नजर दहा-पंधरा पावले पुढे, खांदे सैल आणि टाच आधी टेकेल असे चालावे.

महिन्याभराने चालण्यात बळ आणायचे असेल तर जपानमधील मात्सुमोतो येथील शिन्शू विद्यापीठात तपासलेली पद्धत घेता येईल. तीन मिनिटे भरभर, तीन मिनिटे सावकाश, असे आलटून-पालटून अर्धा तास चालायचे. मध्यमवयीन आणि वृद्ध माणसांवर काही महिने केलेल्या या प्रयोगात एकाच वेगाने चालणाऱ्यांपेक्षा मांडीचे बळ आणि दम अधिक वाढला, रक्तदाबही अधिक उतरला. घड्याळ नसेल तर रस्त्याकडेचे विजेचे खांब मोजून हे करता येते : काही खांब भरभर, तितकेच सावकाश.

दहा हजार पावलांचा आकडा मोबाइलमुळे खेड्यांतही पोहोचला आहे. १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्रामुळे तो रूढ झाला. त्यामागे तेव्हा कोणताही वैद्यकीय हिशेब नव्हता. २०१९ साली अमेरिकेत वृद्ध स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्येही, त्याहून बऱ्याच कमी चालणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी दिसले आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर हा लाभ फारसा वाढला नाही. साठीच्या आजीने दहा हजारांच्या आकड्यामागे लागून गुडघे दुखवून घेऊ नयेत. पासष्टी ओलांडलेल्यांनी चालून आल्यावर भिंतीचा आधार घेऊन एका पायावर काही क्षण उभे राहण्याचा सरावही आठवड्यातून तीन दिवस करावा, कारण त्या वयात पडणे हेच मोठे संकट असते.

जोडे महाग असण्याची गरज नाही, पण ते बंद, नीट बसणारे आणि तळ न झिजलेले हवेत. रबरी चप्पल दवाने ओल्या झालेल्या सिमेंटच्या रस्त्यावर घसरते आणि गोखरूचे काटे तिच्यातून आरपार जातात. निघण्यापूर्वी पेलाभर पाणी प्यावे, आल्यावर पुन्हा प्यावे. अनशापोटी चालणे बहुतेकांना चालते, ज्यांना गरगरते त्यांनी केळे किंवा मूठभर फुटाणे खाऊन निघावे. पहाटेच्या गारव्यासाठी दुपट्टा खांद्यावर असला की स्वेटरचे काम भागते.

सोबत आणि लोकलाज

कामाशिवाय चालणारा माणूस खेड्यात अजूनही कुतूहलाचा विषय होतो. ‘कुठी चाल्ले भाऊ?’ या प्रश्नाला ‘असाच फिरतो’ हे उत्तर पुष्कळांना पटत नाही. खरे तर पायी चालणे या भूमीला नवे नाही. सेवाग्रामात गांधीजींचे सकाळ-संध्याकाळचे फिरणे ठरलेले असे, पवनारचे विनोबा १९५१ साली वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी निघाले ते पुढे अनेक वर्षे देशभर पायी हिंडत राहिले, आणि शेगावची पायी वारी तर घराघरांतून होते. स्त्रियांच्या बाबतीत मात्र प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही, तो सुरक्षिततेचा आणि घरच्यांच्या परवानगीचाही आहे. एकटी बाई निघाली तर बोलणारे दहा असतात, आठ जणी मिळून निघाल्या तर कोणी बोलत नाही. बचत गटातील स्त्रियांनी मिळून वेळ ठरवली की हे सहज जमते. पहाटे पाणी भरण्याची आणि डब्यांची घाई असते, तेव्हा घरातील पुरुषांनी तेवढा अर्धा तास चूल किंवा गॅस सांभाळला तर काही बिघडत नाही.

कोणी अधिक जपावे

नवरात्रात नऊ दिवस अनवाणी चालण्याचे व्रत अनेक जण घेतात. ज्यांना मधुमेह आहे आणि पायांना मुंग्या येतात किंवा बधिरपणा जाणवतो, त्यांनी हे व्रत कृपया घेऊ नये. त्यांना काटा रुतल्याचे कळत नाही, जखम चिघळते आणि बोट किंवा पाय गमावण्याची वेळ येते. अशांनी रोज चालून आल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपवासाच्या दिवशी लांब चालू नये, आणि एरवीही खिशात खडीसाखर किंवा गूळ ठेवावा. घाम फुटणे, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही साखर घसरल्याची लक्षणे आहेत. ती दिसताच बसून गोड खावे.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण विदर्भात, विशेषतः पूर्वेकडील जिल्ह्यांत, मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यासाठी हलके चालणे चांगले आहे, परंतु शरीरातील पाणी कमी होणे, अतिश्रम आणि थंडी या तिन्ही गोष्टी त्यांच्यात वेदनेचा झटका आणू शकतात. त्यांनी पाण्याची बाटली सोबत ठेवावी, पहाटेच्या गारव्यात अंग झाकावे, शर्यतीसारखे चालू नये आणि थकवा येण्यापूर्वीच थांबावे.

छातीत दाब येणे, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात उतरणे, चालताना वाजवीपेक्षा दम लागणे, यांपैकी काहीही झाले तर चालणे तेथेच थांबवून तातडीने दवाखाना गाठावा. पित्त झाले असेल म्हणून सोडा पिऊन घरी पडून राहण्याने आपल्याकडे अनेकांचा वेळ गेला आहे. हा ऋतू डेंग्यू आणि मलेरियाचाही असल्याने ताप असताना चालायला जाऊ नये, आणि ताप उतरल्यावरही अशक्तपणा जाईपर्यंत अंगणातल्या फेऱ्यांवर भागवावे.

त्रिपुरी पौर्णिमेनंतर रात्रीचा पारा पंधरा अंशांच्या खाली जाऊ लागतो आणि सखल भागात धुके उतरते. दमेकरी, हृदयरोगी आणि वृद्ध यांनी तेव्हापासून आपली वेळ सूर्योदयावरून साडेसात-आठपर्यंत पुढे सरकवावी. तोपर्यंत ऊनही सौम्य झालेले असते, त्यामुळे उशिरा निघाल्याने काही तोटा होत नाही. सोंगणी-वेचणीच्या धांदलीत काही दिवस चालणे राहून गेले, तर वाढवलेली मिनिटे एकदम पकडण्याचा प्रयत्न न करता दहा मिनिटे कमी करून पुन्हा सुरुवात करावी.